विनाअनुदानित शतपावली

मधुमेहावरचं सगळ्यात जास्त संशोधन आपल्याकडे सोसायटीच्या बाकांवर चालतं आणि त्यासाठी कुणी कुणाकडे एक रुपया मागितलेला नाही. आमच्या बाकावर कारल्याचा रस घेणारे एक आहेत, मेथीदाणे रात्री भिजत घालणारे एक आहेत, जांभळाच्या बियांची पूड गावाहून मागवणारे एक आहेत आणि हे तिन्ही एकदम घेणारे चौथे आहेत. गुण फक्त चौथ्यांना आलाय. कशाने आला ते मात्र सांगता येत नाही, कारण मध्यंतरी त्यांच्या डॉक्टरांनी गोळीही वाढवली होती. निष्कर्ष तोंडी प्रसिद्ध होतात, समीक्षा जागच्या जागी होते ("काही उपयोग नाही हो, आमच्या मेहुण्यांनी वर्षभर घेतलं") आणि मग सगळे मिळून कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये जातात. तिथे चहा बिनसाखरेचा सांगायचा आणि सोबत क्रीमरोल घ्यायचा, असा प्रघात आहे.

कॉलेजं असतात तशी संशोधनंही अनुदानित आणि विनाअनुदानित असतात, हे मला भाचीमुळे कळलं. भाची पुण्यातल्याच एका संस्थेत मधुमेहावर काम करते आणि सध्या अनुदानित होण्याच्या खटपटीत आहे. आता या विषयाला पैसे मिळायला अडचण काय, असं कुणालाही वाटेल. आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले, त्यात १०.१ कोटी मधुमेही निघाले आणि आणखी १३.६ कोटी 'बॉर्डरवर'. बॉर्डरवर एवढी माणसं लष्करातसुद्धा नाहीत. सगळ्या राज्यांत पहिला नंबर गोव्याचा, २६.४ टक्के. गोव्याला जाऊन आलेला माणूस मासे, काजू आणि समुद्र याबद्दल तासभर बोलतो, पण दर चार गोंयकारांत एकाची साखर वाढलेली आहे हे त्याच्या कुठल्याच फोटोत येत नाही.

भाचीचा प्रश्न इतका साधा आहे की आधी मला ती थट्टाच करतेय असं वाटलं. रात्रीच्या जेवणानंतर शतपावली घातली तर साखर किती उतरते?

"हे आजीलाही माहीत होतं," मी म्हणालो.

"उतरते हे माहीत होतं. किती उतरते, कुणाची उतरते, लगेच चाललं तर जास्त की अर्ध्या तासाने, आणि पावलं शंभरच का, हे कुठे माहीत होतं?"

शंभरच का, हा प्रश्न आजीला कुणी विचारला असता तर त्याला त्या रात्री दोनशे घालायला लागली असती.

अमेरिकेत यावर काम झालेलं आहे. २०१३ साली तिथल्या संशोधकांनी साठीच्या पुढच्या दहा जणांना प्रत्येक जेवणानंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालवून पाहिलं आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर त्याने चांगली आटोक्यात राहिली. मग पुन्हा कशाला? तर भाचीचं म्हणणं असं की ती माणसं वेगळी, जेवण वेगळं आणि जेवायची वेळही वेगळी. साडेनऊला आमटी-भात जेवून टू बीएचकेच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. शिवाय आपला पिंडच निराळा आहे, याला तिच्याकडे छापील पुरावा आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो आला होता. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघेही दिसायला सडपातळच. वजनकाट्याला फसवायची ही कला आपण जन्मतःच घेऊन येतो. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास झाला, त्यात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं हाडामासाने लहान, पण चरबी मात्र त्यांनी जपून आणलेली. या अभ्यासामागे वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश धर्मादाय संस्थेचा पैसा होता आणि भाचीने परदेशी अर्ज करायचं ठरवलं ते याच आशेवर.

परदेशी का, हे समजून घ्यायला आधी देशी देणगीदार पाहावा लागतो. आपला माणूस दानशूर आहे, पण दान दिसलं पाहिजे. देवळाच्या पायरीवर, बागेतल्या बाकावर, स्टेशनातल्या थंड पाण्याच्या कूलरवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी पाटी असते आणि त्यात वाईट काही नाही. आमचा संशोधनाचा बाकही असाच कुणाच्या तरी स्मरणार्थ आहे. पण स्वादुपिंडावर पाटी लावता येत नाही. एका उद्योजकांना भाची भेटली, तेव्हा त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशीन वगैरे काही घ्यायचं नाही का तुम्हाला? उद्घाटन कशाचं करायचं?"

कंपन्यांचं म्हणाल तर २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे सरासरी दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं भाग आहे. त्या खात्याचा प्रमुख पहिला प्रश्न विचारतो, लाभार्थी किती? शंभर व्हीलचेअर वाटल्या तर लाभार्थी शंभर, फोटो शंभर. भाचीने प्रामाणिकपणे सांगितलं की अभ्यासाचं उत्तर 'फरक पडत नाही' असंही येऊ शकेल. तेव्हा समोरच्या गृहस्थांनी पेनाचं टोपण लावलं. गणेशमंडळात ही अडचण नसते. वर्गणीवाले दारात येतात, पावतीपुस्तक उघडतात, "काका, गेल्या वर्षी पाचशे होते" एवढाच प्रकल्प-अहवाल सादर करतात आणि निधी मंजूर होतो. हीच मंडळं गणपतीत साखर तपासणीचं मोफत शिबिर भरवतात. बोटाला सुई टोचून झाली की त्याच हातावर प्रसादाचा पेढा ठेवतात.

औषध कंपन्या? गोळी असती तर त्यांनी चाचण्यांवर पैसा ओतला असता. शतपावलीचं पेटंट निघत नाही, तिची स्ट्रिप बनत नाही, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह डॉक्टरांना शतपावलीचं सॅम्पल देऊन जाऊ शकत नाही. जे विकता येत नाही त्याचा गुण कुणी मोजून पाहत नाही. मला विचाराल तर धर्मादाय पैशाचं खरं काम इथेच आहे.

ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या धर्मादाय कामाचा पाया १९३४ साली दोघांनी घातला. एक डॉ. रॉबिन लॉरेन्स. त्यांना स्वतःला मधुमेह झाला तेव्हा इन्शुलिन नव्हतं, म्हणून घरच्यांना आपलं मरण पाहावं लागू नये यासाठी ते इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते. १९२३ साली लंडनहून इन्शुलिन मिळतंय असा निरोप आला आणि ते मोटार हाकत परत आले, पुढे पंचेचाळीस वर्षं जगले. दुसरे त्यांचे पेशंट, एच. जी. वेल्स. तेच ते, 'टाइम मशीन' आणि 'इन्व्हिजिबल मॅन' लिहिणारे. या दोघांच्या संस्थेला आज डायबिटीस यूके म्हणतात आणि तिच्यासाठी तिथली माणसं तीन महिन्यांत दहा लाख पावलं चालून देणग्या गोळा करतात. भाचीने अर्ज केला ती संस्था वेगळी, पण या क्षेत्रातल्या सगळ्याच अर्जांवर मला वेल्स यांची छाप दिसते. छत्तिसाव्या महिन्यात नेमकं काय सापडलेलं असेल, हा प्रश्न टाइम मशीन असल्याशिवाय कुणाला सुचेल? त्यासाठी महिन्यांचे आडवे पट्टे रंगवलेला एक तक्ता जोडायचा असतो. भाचीच्या तक्त्यात चौथ्या महिन्यात माणसं जमतात, अठराव्या महिन्यात ती सगळी चालून होतात आणि तिसाव्या महिन्यात निष्कर्ष निघतात. मध्ये कुठेही पाऊस नाही, दिवाळी नाही, लग्नसराई नाही. मी दिवाळीचं काढलं तर म्हणाली, "तो रंग उरला नव्हता."

अर्जाच्या या कारखान्यात माझी भरती झाली ती 'सामान्य माणूस' या पदावर. देणगीदारांचा पैसा असल्यामुळे अर्जाचा एक भाग विज्ञान न शिकलेल्या माणसाला कळेल अशा भाषेत लागतो, अडीचशे शब्दांत. भाची म्हणाली, "मामा, विज्ञान न शिकलेला म्हटल्यावर मला पहिला तूच आठवलास." शिवाय दुसरा एक रकाना होता. मधुमेह असलेल्या व्यक्तींना प्रकल्प आखताना सामील करून घेतलंत का? डायबिटीस यूकेकडे तर मधुमेह असलेल्यांचं वेगळं मंडळच आहे आणि कुठल्या अर्जाला किती महत्त्व द्यायचं यावर त्यांचं मत घेतात. हे ऐकून मी ताठ बसलो. इतकी वर्षं या साखरेने मला लग्नाच्या पंगतीत फक्त सहानुभूती मिळवून दिली होती. आता ती पात्रता ठरत होती. माझी तीन महिन्यांची साखर ७.९ टक्के आहे. टक्के कमी पडल्याबद्दल अभिनंदन होतं अशी ही एकच परीक्षा, आणि मी तिच्यात नेमका जास्त मिळवतो.

बँकेत असताना मी जन्मभर कर्जाचे अर्ज तपासले, त्यामुळे अर्जाला मी घाबरत नाही. पण आम्ही फक्त पैसे परत कसे करणार एवढंच विचारायचो. इथे जगाचं भलं कसं करणार, कधीपर्यंत करणार आणि ते झालं हे कशावरून ओळखायचं, असं ओळीने विचारतात. भाचीने लिहिलेलं पहिलं वाक्य मी वाचलं. त्यात 'पोस्टप्रांडियल' होतं, 'ग्लायसेमिक एक्स्कर्शन' होतं आणि क्रियापद चौथ्या ओळीत होतं. मी म्हटलं, जेवल्यावर साखर चढते असं लिही. ती म्हणाली, मग यात नवीन काय, असं रिव्ह्यूअर म्हणेल. मी म्हटलं, मग त्याच्यासाठी तुझं ठेव आणि माझ्यासाठी माझं. शेवटी तसंच झालं. अर्जाच्या एकाच पानावर तोच प्रकल्प एका रकान्यात क्रांतिकारक आणि दुसऱ्या रकान्यात आजीलाही कळेल असा आहे.

पेशंट म्हणून माझा खरा उपयोग पुढे झाला. मी विचारलं, "रात्री दहाला ही माणसं चालणार कुठे?" फूटपाथ आमच्याकडे आहे, पण त्यावर दुचाक्या झोपलेल्या असतात. रस्त्यावर गाड्या, गल्लीत कुत्री. शंभर पावलांतली शेवटची तीस आमच्या बाकावरचे मेथीदाणेवाले नेहमी धावतच घालतात. भाचीने हे चक्क 'संभाव्य धोके आणि उपाययोजना' या रकान्यात घातलं. धोका: भटकी कुत्री. उपाय: सोसायटीच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये चालणे. मी तिला सांगितलं की गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि आमच्या सेक्रेटरींची परवानगी मिळवणं हा वेगळा धोका आहे, त्याला वेगळी ओळ कर. तिने केली. लंडनमध्ये बसलेला कुणी प्राध्यापक 'हाउसिंग सोसायटी सेक्रेटरी' हे शब्द वाचून त्यांच्याविषयी काय कल्पना करत असेल, कोण जाणे.

कुत्र्यांवरून बँटिंग आठवले. फ्रेडरिक बँटिंग, ज्यांचा १४ नोव्हेंबरचा वाढदिवस आता जागतिक मधुमेह दिन आहे. १९२० साली हे कॅनडातले एक तरुण सर्जन होते, दवाखाना चालत नव्हता. ३१ ऑक्टोबरच्या पहाटे दोन वाजता त्यांनी वहीत एक कल्पना टिपली, जेमतेम पंचवीस शब्दांची, आणि त्यात 'डायबिटीस'चं स्पेलिंगच चुकवलं. पुढच्या महिन्यात ते टोरांटोला प्राध्यापक मॅक्लाउड यांच्याकडे गेले. प्राध्यापकांवर विशेष छाप पडली नाही, पण त्यांनी उन्हाळ्यापुरती प्रयोगशाळा, दहा कुत्री आणि चार्ल्स बेस्ट नावाचा एक विद्यार्थी दिला. पगार नाही. पुढे पैसे कमी पडले तेव्हा बँटिंगनी आपली मोटार विकली. आज हाच अर्ज ऑनलाइन भरला असता तर? प्राथमिक माहिती: नाही. या क्षेत्रातले पूर्वीचे शोधनिबंध: नाहीत. संख्याशास्त्रज्ञ: नाही. रोगाचं नाव: चुकीचं. पोर्टलने पुढच्या पानावरसुद्धा जाऊ दिलं नसतं. आणि गंमत म्हणजे रिव्ह्यूअरचा आक्षेप बरोबरच निघाला असता, कारण स्वादुपिंडाची नळी बांधायची ही त्यांची मूळ कल्पना पुढे अनावश्यक ठरली. जानेवारी १९२२मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं आणि १९२३मध्ये नोबेल मिळालं. प्रश्न विचारल्यापासून तीन वर्षं. आमच्या भाचीच्या तक्त्यात एवढ्या वेळात फक्त शंभर पावलं होतात.

पैशांचा रकाना मी मुद्दामच स्वतःकडे घेतला. मोठा खर्च दंडावर चिकटवायच्या सेन्सरचा. एक चौदा दिवस टिकतो आणि दिवसरात्र साखर मोजत राहतो. म्हणजे रात्री अकराला फ्रीज उघडलेला बायकोला कळला नाही तरी सेन्सरला कळणार. या कलमावर आमच्या बाकावरून तीव्र नापसंती व्यक्त झाली. पण अभ्यासात अर्धी माणसं चालणार आणि अर्धी तुलनेसाठी नुसती बसून राहणार, वर येण्याजाण्याचं रिक्षाभाडं मिळणार, हे कळल्यावर बसणाऱ्यांच्या गटासाठी चारही नावं एकमताने आली. कोण कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, असं सांगितल्यावर जांभळाच्या बियावाले म्हणाले, "मग वशिला कुठे लावायचा?"

संस्थेच्या अकाउंट्सच्या साहेबांना इमारत, वीज, लिफ्ट यांचा वाटा हवा होता. धर्मादाय संस्था म्हणते, लोकांनी कष्टाने गोळा केलेला पैसा संशोधनासाठी आहे, लिफ्टसाठी नाही. साहेब म्हणतात, मग संशोधन जिन्याने करा. दोघांचंही बरोबर आहे, त्यामुळे पत्रव्यवहार लांबला. सेन्सरसाठी तीन कोटेशनं हवीत, पण हवा तो सेन्सर विकणारा इथे एकच. पैसा परदेशातून येणार म्हणून आणखी कागद. कायद्याप्रमाणे असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उतरतो, तिथून पुढे यायचं. लंडनचा पाउंड पुण्यात चालणाऱ्या माणसापर्यंत दिल्लीला हजेरी लावून पोचतो. जुना बँकवाला म्हणून मला यात कौतुक वाटलं. भाचीला वाटलं नाही. परदेशी सहकार्यासाठी आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी वेगळी, चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद वेगळी आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी तर हवीच. त्या समितीतही नियमाने एक सामान्य माणूस लागतो. या देशात सामान्य माणसाला एवढ्या जागा राखीव आहेत, हे मला निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हतं. समितीने संमतीपत्र इतकं तपशीलवार करून घेतलं की ते जेवणानंतर वाचायला घेतलं तर वाचून संपेपर्यंत साखर आपोआप उतरते. माझं मत असं की चालणाऱ्या गटाने ते चालत वाचावं.

अर्जाची अंतिम मुदत लंडनच्या घड्याळाने संध्याकाळी पाचची होती. उन्हाळ्याचे दिवस, म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. भाची, तिचे दोन सहकारी आणि मी असे चौघं त्या वेळी तिच्या घरी लॅपटॉपसमोर पावभाजी खात बसलो होतो. अर्ज गेला, टाळ्या झाल्या, भाचीच्या आईने फ्रिजमधून रसमलाई आणली. चालायला कुणीही उठलं नाही.

सहा-सात महिन्यांनी उत्तर आलं. फारच सुंदर पत्र होतं. प्रकल्प उत्तम आहे, प्रश्न महत्त्वाचा आहे, सामान्य माणसासाठीचा सारांश विशेष उल्लेखनीय आहे (हे वाक्य मी भाचीकडून दोनदा वाचून घेतलं), निधी देण्यास पूर्णपणे पात्र आहे, परंतु या फेरीत स्पर्धा तीव्र असल्याने निधी देता येत नाही. एका परीक्षकाचं म्हणणं, माणसं फार कमी आहेत. दुसऱ्याचं म्हणणं, माणसं कमी केली तर खर्च वाचेल. आणि दोघांनीही सोसायटीच्या सेक्रेटरींबद्दल अधिक खुलासा मागवला होता.

भाचीने त्याच रात्री दुसऱ्या एका संस्थेचा अर्ज उघडला. इथे सारांश तीनशे शब्दांचा आणि खाली बारीक अक्षरांत एक अट: सारांश तपासणारी व्यक्ती अर्जदाराची रक्ताची नातेवाईक नसावी. माझं पद गेलं. भाचीने अट पुन्हा एकदा वाचली आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. मामीशी तिचं रक्ताचं नातं नाही.

मामीने चष्मा लावला, माझा गौरवलेला सारांश सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला आणि भाजीच्या यादीच्या मागे पेन्सिलीने दोन ओळी लिहून दिल्या. 'जेवल्यावर लगेच टीव्हीसमोर बसू नये हे सगळ्यांना माहीत आहे. उठून चाललं तर किती फरक पडतो ते मोजायला पैसे हवेत.'

भाचीने ते रकान्यात टाइप केलं. पोर्टलवर लाल अक्षरं उमटली, किमान दोनशे शब्द आवश्यक.

"मग उरलेले तुझ्या मामाकडून घे," मामी म्हणाली. "रक्ताचं नातं माणसाशी नको म्हणालेत ना? शब्दांशी चालेल."